परसात सावली पडते? भाजी होईल, पण कोणती ते आधी ठरवा

घरामागं आंबा, चिंच नाहीतर कडुनिंब असला की परसातली जागा वर्षानुवर्षं रिकामी पडून राहते. कुणी हौसेनं टोमॅटो-वांगी लावलीच, तर झाड नुसतं उंच जातं, पाला भरपूर आणि फळं दोन-चार. मग खत कमी पडलं असं समजून युरिया टाकतात. त्यानं पालाच आणखी वाढतो. तिथं कमी पडतं ते ऊन.

हिशोब सोपा आहे. फळ किंवा शेंग खायची असेल (टोमॅटो, मिरची, भेंडी, गवार) तर दिवसाला किमान सहा तास ऊन पाहिजे. पान खायचं असेल तर तीन-चार तासांवर भागतं. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, मायाळू, अळू ही त्यातली. अळूचं तर न्हाणीच्या पाण्यावर आपोआप बेट होतं, हे घरोघरी पाहिलेलं आहे.

ऊन अंदाजानं धरू नका. एका दिवशी सकाळपासून दर तासाला त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढा, किती तास ऊन आलं ते कळेल. पण डिसेंबरात मोजलेली सावली जूनला लागू पडत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत ऊन येतच नाही. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावली दिवसाच्या बातम्या येतात ना, त्यानंतर काही आठवडे दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो आणि त्याच भिंतीलगत ऊन पडतं. हिवाळी मेथी-पालकासाठी म्हणून घराची पूर्व बाजू बरी.

उन्हाळ्यात मात्र सावली कामाची. मार्च ते मे कडक उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर येते. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळाली तर ती जास्त दिवस टिकते. नेमकी तेव्हाच बाजारात जुडी महाग असते.

झाडाखाली कवडसे पडत असतील तर हळद, आलं आणि सुरण लावा. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत हे कंद पूर्वीपासून घेतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं नारळात मसाला पिकांची ‘लाखी बाग’ दाखवली, तीही याच सावलीच्या जोरावर. आल्याची माहीम, हळदीची सेलम या जाती आपल्याकडे चालतात. सुरणाची गजेंद्र जात कमी खाजरी. तिन्ही पिकं साधारण मे-जूनमध्ये लावायची. काढणीला आठ-नऊ महिने लागतात. पानं पिवळी पडून वाळली की काढणी. पाणी साचलं तर कंद कुजतो, म्हणून गादीवाफा करूनच लावा. सुरण आणि अळू शिजवताना चिंच किंवा आमसूल घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजतो.

झाडाखाली दुसरी अडचण मुळांची. मोठ्या झाडाची मुळं वरच्या मातीतलं पाणी आणि खत ओढून घेतात. तिथं खणून मुळं तोडण्यापेक्षा खताच्या रिकाम्या गोणीत माती आणि शेणखत निम्मं-निम्मं भरून त्यात लावलेलं बरं. गोणीला खाली भोकं पाडा. झाडाच्या खालच्या दोन-चार फांद्या छाटल्या तरी उजेडात बराच फरक पडतो. भिंतीला चुना मारला तर तोही उजेड परत फेकतो.

सावलीत माती लवकर वाळत नाही, त्यामुळे रोज पाणी घालू नका. बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला. पावसाळ्यात अशा ओलीत गोगलगायी येतात आणि कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं वाफ्याशेजारी टाकायचं, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. वेचताना हातात मोजे किंवा पिशवी घाला.

आणि दोडका, कारली, दुधी हवेच असतील तर आळं सावलीत असलं तरी चालेल, फक्त वेल दोरीनं छपरावर किंवा उन्हातल्या मांडवावर चढवा.