इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस

इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस (संक्षेप: आयएफसी) हे इमारतीची माहिती एका संगणक आज्ञावलीतून दुसरीत नेण्यासाठीचे खुले माहिती-प्रारूप आहे. वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि कंत्राटदार वेगवेगळ्या कंपन्यांच्या आज्ञावली वापरतात. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नसल्यास तीच भिंत पुन्हा काढावी लागते. अशा विसंगतीमुळे मोठ्या इमारतींच्या क्षेत्राचे वर्षाला १५.८ अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००४ साली मांडला.

इतिहास

१९९४ साली ऑटोडेस्कच्या पुढाकाराने काही अमेरिकी कंपन्या एकत्र आल्या. त्यातून उभी राहिलेली संघटना आज 'बिल्डिंगस्मार्ट' या नावाने प्रारूपाची देखभाल करते. २०१३ साली आयएफसी ४ या आवृत्तीला आयएसओ १६७३९ हे मानक म्हणून मान्यता मिळाली. ४.३ या आवृत्तीत पूल, रस्ते, रेल्वे व बंदरेही आली.

स्वरूप

आयएफसीमध्ये भिंत ही रेषांचा समूह नसून 'भिंत' म्हणूनच नोंदवली जाते. ती कोणत्या मजल्यावर आहे, तिच्यातील कोणत्या पोकळीत कोणती खिडकी बसते, ही नातीही नोंदवता येतात. प्रत्येक घटकाला २२ चिन्हांचा स्वतंत्र ओळखसंकेत असतो. रेव्हिट, आर्किकॅड व टेक्ला या व्यावसायिक आज्ञावली हे प्रारूप वाचतात व लिहितात. फ्रीकॅड आणि आयएफसीओपनशेल ही मुक्त साधने विनामूल्य असल्याने विद्यार्थ्यांना अधिक सोयीची. मात्र आयात केलेली भिंत मूळ आज्ञावलीतल्याप्रमाणे सहज बदलता येईलच असे नाही.

स्थानिक बांधकाम व मर्यादा

महाराष्ट्रात नागपूर मेट्रोने त्रिमितीय प्रतिमानाला वेळ व खर्च जोडणारी 'पाच-मितीय' पद्धत वापरली. एवढ्या प्रकल्पात नावे ठरवून देणारी यंत्रणा असते; लहान कामात ती नसते. मालवण किनाऱ्यावरील कौलारू घराचे उदाहरण घेता येईल. प्रारूपात भिंत आणि छप्पर यांना ठरलेले वर्ग आहेत, पण साहित्याचे नाव हा मुक्त मजकूर आहे. एकाने 'चिरा', दुसऱ्याने 'जांभा' आणि तिसऱ्याने 'लॅटराइट' लिहिले, तर संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे दगड ठरतात आणि चिऱ्यांचा हिशेब चुकतो. पडवीचेही तसेच: ती खोली, व्हरांडा की मोकळी जागा, हे नोंदवणाऱ्यावर अवलंबून राहते. शिवाय नेहमीच्या आयएफसी फाइलीत देवनागरी अक्षरे सांकेतिक अंकांत साठवली जातात. ते संकेत न उलगडणाऱ्या आज्ञावलीत 'चिरा'ऐवजी अंकांची ओळ दिसते. संज्ञांमध्ये एकवाक्यता यावी म्हणून बिल्डिंगस्मार्टने ऑनलाइन माहितीकोश उपलब्ध केला आहे. त्यात एकाच संकल्पनेची अनेक भाषांतील नावे जोडता येतात.