यंत्रारंभाचा अधिकार : एका संगणकावरील दोन कार्यप्रणालींचा इतिहास

संगणक सुरू केल्यावर पहिल्या काही क्षणांत कोणता आज्ञासंच स्मृतीत यावा आणि पुढील कारभार त्याने कोणाच्या हाती सोपवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक आहे. तथापि एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली नांदविण्याचा इतिहास तपासला असता असे आढळते की, या क्षणांवरील अधिकारापायी गेल्या चाळीस वर्षांत नियम, करार आणि न्यायालयीन दावेही उभे राहिले. हा अधिकार ज्या लहानशा प्रोग्रॅमद्वारा चालविला जातो त्यास बूट लोडर म्हणतात. त्याच्या स्थित्यंतरांचा मागोवा घेऊन, यंत्राच्या मालकाचा हा अधिकार कोणत्या मार्गाने वाढत वा आकुंचित होत गेला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाचा आरंभ १९८३ पासून धरणे युक्त ठरते. आयबीएमने १९८१ साली विक्रीस आणलेल्या वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी बदलली की कार्यप्रणाली बदले, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उद्भवत नसे. १९८३ मध्ये १० मेगाबाइटच्या डिस्कसह पीसी एक्सटी हे यंत्र आणि त्यासोबत पीसी डॉस २.० आले, आणि डिस्कचे विभाग पाडण्याची पद्धती रूढ झाली. डिस्कच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरची वाटणी पुढे अशी स्थिरावली : ४४६ बाइट प्रारंभिक आज्ञांसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि अखेरचे २ बाइट ओळखचिन्हासाठी. तक्त्यात चार विभागांची नोंद होई, आणि हे विभाग निरनिराळ्या कार्यप्रणालींना देता यावेत अशी मूळ योजनाच होती. ज्या विभागावर सक्रियतेची खूण असेल त्याच्याकडे कारभार जाई. तेव्हा एका यंत्रावर अनेक कार्यप्रणाली ठेवणे ही मागाहून कोणी शोधलेली चोरवाट नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मात्र या योजनेत एक मोठी उणीव राहिली. पहिल्या सेक्टरात कोणी लिहावे याविषयी कोणताही निर्बंध नव्हता. कोणीही यावे, आधीची नोंद पुसावी आणि आपली लिहावी, अशी त्या दप्तराची अवस्था होती.

लिनक्सचा जन्म याच परिस्थितीत झाला. लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये आपल्या ३८६ यंत्रावर मिनिक्स या कार्यप्रणालीच्या आधारे लिनक्सची प्रथम रचना केली. म्हणजे प्रारंभापासूनच तिला दुसऱ्या एका प्रणालीच्या शेजारी राहावे लागले. १९९२ च्या सुमारास वेर्नर अल्मेसबर्गर याने लिलो हा बूट लोडर तयार केला. अवघ्या ४४६ बाइटांत फाइलव्यवस्था वाचण्याची विद्या मावणे शक्य नव्हते. म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कच्या कोणकोणत्या सेक्टरांत आहे याची यादी लिलो आधीच करून ठेवी. याचा परिणाम असा होई की, कर्नल बदलल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा चालविण्यास कोणी विसरला, तर यादी खोटी ठरे आणि यंत्र अडून बसे. प्रत्येक टप्प्यावर लिलोच्या नावातील एकेक अक्षर पडद्यावर उमटत असल्याने, किती अक्षरे उमटली यावरून दोषाचे स्थान ताडता येई.

ही अडचण ग्रबने दूर केली. एरिक बोलिन याने १९९५ मध्ये ग्नू प्रकल्पाच्या हर्ड या प्रणालीसाठी त्याची रचना आरंभिली. १९९९ पासून गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी तो ग्नूचा अधिकृत प्रकल्प म्हणून पुढे चालविला. ग्रबचा पहिला अंश सेक्टरात राही आणि तो उर्वरित मोठ्या भागास पाचारण करी. हा मोठा भाग फाइलव्यवस्था स्वतः वाचू शके. त्यामुळे सेक्टरांच्या यादीची गरज उरली नाही. विंडोजच्या बाबतीत ग्रब तिचा गाभा स्वतः उचलत नसे. तो विंडोजच्या स्वतःच्या बूट लोडरकडे कारभार सुपूर्द करी. या साखळीपद्धतीमुळे दोन्ही प्रणालींना एकमेकींच्या अंतर्रचनेचे ज्ञान असण्याची आवश्यकता राहिली नाही. पुढे ग्रबचे संपूर्ण पुनर्लेखन झाले आणि लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला.

विंडोजची भूमिका मात्र भिन्न होती. विंडोज एनटीच्या लोडरमध्ये १९९३ पासून निवडीचा तक्ता होता. परंतु विंडोज नव्याने बसविताना पहिला सेक्टर बहुधा न विचारता पुन्हा लिहिला जाई. लिनक्स डिस्कवर शाबूत असे, पण तिच्याकडे जाण्याचा मार्गच नाहीसा होई. ‘आधी विंडोज, मागाहून लिनक्स’ हा जो व्यवहारनियम सर्वत्र रूढ झाला, त्याचे मूळ येथे आहे.

हा प्रश्न व्यापारी करारांपर्यंत कसा पोहोचला हे बीओएसच्या प्रकरणावरून दिसते. १९९८च्या सुमारास हिताचीच्या एका संगणकमालिकेत विंडोजसोबत बीओएस ही प्रणाली बसविलेली होती. परंतु ग्राहकास ती निवडण्याचा तक्ता मात्र दाखविला जात नसे. मायक्रोसॉफ्टचे परवान्याचे करार निर्मात्यांना दुसऱ्या प्रणालीचा तक्ता ठेवू देत नाहीत, असा बी कंपनीचा आक्षेप होता. तिने २००२ मध्ये दावा दाखल केला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटविला. तोवर बी कंपनीचा कारभार आटोपला होता. प्रणाली डिस्कवर असूनही तक्त्यात नसेल तर ती नसल्यासारखीच होय, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

मराठी प्रदेशात दोन प्रणाली शेजारी ठेवण्यास एक विशेष कारण होते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे मराठी टंकन श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या विंडोजवरील साधनांनी होत असे, आणि त्यातील मजकूर त्या त्या साधनाच्या फाँटशी बांधलेला राही. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली, तेव्हाही जुने दप्तर उघडण्यासाठी विंडोजचा आश्रय सोडणे पुष्कळांना शक्य नव्हते. अशा स्थितीत नव्या प्रणालीकडे जाऊ इच्छिणाऱ्यास बूट लोडर हाच दोन लेखनव्यवस्थांमधील पूल ठरला.

यानंतरचे स्थित्यंतर यूईएफआयचे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय मंडळाने जुन्या बायोसच्या जागी नवी व्यवस्था प्रमाणित केली. तीत डिस्कवर एक स्वतंत्र विभाग सर्व प्रणालींच्या बूट लोडरांसाठी राखलेला असतो; प्रत्येकाची फाइल वेगळी राहते आणि त्यांचा क्रम यंत्राच्या कायम स्मृतीत नोंदला जातो. एकाने दुसऱ्याची नोंद पुसण्याचे कारण अशा रीतीने नाहीसे झाले. परंतु २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सुरक्षित आरंभाची, म्हणजे सिक्युअर बूटची, पद्धती प्रचारात आली. आरंभीचा प्रोग्रॅम मान्य स्वाक्षरीचा असल्याखेरीज यंत्र तो चालवीत नाही, आणि बहुतेक यंत्रांत ही मान्यता मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्यांवर अवलंबून असते. लिनक्सच्या बाजूने मॅथ्यू गॅरेट याने शिम नावाचा लहान प्रोग्रॅम सिद्ध केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेतली जाते आणि तो पुढे ग्रबची शहानिशा करतो. सुरक्षेची गरज खोटी नव्हती. २०२० मध्ये ग्रबमध्येच बूटहोल नावाचा गंभीर दोष उघड झाला. तथापि ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने जुने शिम नाकारले आणि दोन प्रणालींच्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. अशा यंत्रांना हा बदल लागू होऊ नये अशी योजना होती, परंतु काही मांडण्या ओळखल्या गेल्या नाहीत.

या इतिहासाचा अर्थ झरी जामणीसारख्या, तेलंगणाच्या सीमेलगतच्या तालुक्यात अधिक स्पष्ट होतो. ज्या घरात वा शाळेत एकच संगणक असेल, तेथे दुसरी प्रणाली ही हौस नसते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ च्या अटी जुनी यंत्रे पूर्ण करीत नाहीत. अशा यंत्रांचे आयुष्य लिनक्समुळे वाढू शकते. पण आरंभच अडला तर वणी किंवा यवतमाळ गाठावे लागेल. म्हणून वर आलेल्या घटनांतून निघणारी शिस्त पाळणे इष्ट होय. प्रथम सर्व मजकुराची प्रत वेगळी ठेवावी. डिस्क बिटलॉकरने बंदिस्त असल्यास तिची पुनःप्राप्तीची किल्ली लिहून घ्यावी. विंडोजमधील जलद आरंभाची सोय बंद करावी, कारण ती विंडोजचे विभाग अर्धवट बंद अवस्थेत सोडते. दोन्ही प्रणाली यूईएफआय पद्धतीनेच बसवाव्यात. बूट लोडरांचा राखीव विभाग पुसू नये. आणि लिनक्सची आरंभक्षम पेनड्राइव्ह जवळ बाळगावी.

१९८३ ची व्यवस्था बेशिस्त होती, पण तिच्यात मालकास कोणाची अनुमती लागत नसे. आजची व्यवस्था शिस्तबद्ध आणि अधिक सुरक्षित आहे. परंतु तिच्यातील अनुमतीची किल्ली मुख्यतः एका कंपनीकडे आहे. स्वतःची किल्ली नोंदविण्याची किंवा ही तपासणी बंद करण्याची सोय आजही पुष्कळ यंत्रांत आढळते. मालकाचा मूळ अधिकार आता एवढ्या सोयीवरच टिकून आहे, आणि विंडोज १० पासून ती ठेवणे न ठेवणे यंत्रनिर्मात्यांच्या इच्छेवर सोडलेले आहे. यास्तव संगणक खरेदी करतानाच तिची चौकशी करणे अगत्याचे ठरते.