वाटेतली मासळीची टोपली

माझ्या भाच्याचं नाव सुहेल. तो लंडनला नोकरी करतो. मागच्या उन्हाळ्यात बायको-मुलांना घेऊन आठ दिवस स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर सुट्टीला गेला होता. तिथून त्यानं एक फोटो पाठवला. टेकडीवर चौकोनी बुरुजांचा किल्ला, खाली निळा समुद्र आणि वाळूवर छत्र्यांच्या रांगा. सोबत एक ओळ होती : 'मामू, इथं माझ्या नावाचा किल्ला आहे!'

किल्ला खरोखरच त्याच्या नावाचा. फुएनखिरोला या गावातला हा सोहाइल किल्ला. सुहैल हे अरबीत एका तेजस्वी ताऱ्याचं नाव. आपण त्याला अगस्ती म्हणतो. आपल्याकडे थंडीत तो दक्षिणेला सहज दिसतो, तिकडे मात्र क्षितिजाला जेमतेम टेकतो. या टेकडीवरून तो दिसायचा म्हणून जागेला हे नाव पडलं, असं सांगतात.

मालागा शहराच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या या पट्ट्याला आज 'कोस्ता देल सोल' म्हणतात, म्हणजे सूर्याचा किनारा. थंड देशांतले लाखो लोक दरवर्षी तिथं ऊन खायला येतात. फोटो पाहताना मला मात्र दुसराच एक प्रवासी आठवला. तो याच वाटेनं, याच किल्ल्याखालून गेला होता. साल होतं 1350 च्या आसपासचं आणि प्रवाशाचं नाव होतं इब्न बतूता.

इब्न बतूता आपल्याला परका नाही. मोरोक्कोतल्या तंजा शहरात 1304 साली जन्मलेला हा माणूस महंमद तुघलकाच्या दिल्लीत काझी होता. 1342 मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला, तेव्हा तो आपल्या मुलखातूनच गेला. दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं त्यानं वाखाणली. नंदुरबारला त्याला मराठे भेटले. ते कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार आहेत, अशी नोंद त्यानं केली. त्याच प्रवासात, आजच्या अलीगढजवळ, तो लुटारूंच्या हाती सापडला आणि मरता मरता वाचला. कैद म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं.

मायदेशी परतल्यावर तो जिब्राल्टरची खाडी ओलांडून स्पेनला गेला. सहलीला नव्हे. कॅस्टीलचा राजा अकरावा अल्फोन्सो जिब्राल्टरला वेढा घालून बसला होता आणि त्या ठाण्याच्या रक्षणासाठी जाण्याचा इब्न बतूताचा इरादा होता. पण मार्च 1350 मध्ये राजा छावणीतच प्लेगनं गेला आणि वेढा उठला. मग त्यानं ग्रानाडाचं मुस्लिम राज्य पाहायचं ठरवलं.

मारबेयाला त्याला काही घोडेस्वार भेटले. बाराजण होते, मालागाला निघालेले. त्यांच्या सोबतीनं जावं असं त्याच्या मनात होतं, पण ते पुढे निघून गेले. तो आपल्या माणसांबरोबर मागून निघाला. सुहैलच्या हद्दीत शिरल्यावर वाटेत एक घोडा मरून पडलेला दिसला. थोडं पुढं मासळीची एक टोपली जमिनीवर टाकलेली. त्याच्या मनात पाल चुकचुकली. समोर टेहळणीचा बुरूज होता. शत्रू आला असता तर बुरुजावरच्या पहारेकऱ्यानं इशारा दिला असता, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पण बुरुजावर पहारेकरी नव्हताच. ख्रिश्चनांची चार गलबतं किनाऱ्याला लागली होती. स्वार आयतेच सापडले. एक मारला गेला, एक पळाला, दहाजण कैद झाले. त्यांच्याबरोबर एक कोळीही मारला गेला. ती टोपली त्याची होती.

इब्न बतूतानं ती रात्र सुहैलच्या किल्ल्यात काढली. गलबतं जवळच नांगर टाकून उभी होती. दुसऱ्या दिवशी किल्लेदारानं त्याला स्वतः मालागाला पोचवलं. शहर त्याला फार आवडलं. तिथली द्राक्षं स्वस्त, डाळिंबं माणकासारखी, अंजीर आणि बदाम दूरदूर जाणारे, सोनेरी झिलईची भांडी तर देशोदेशी प्रसिद्ध. पण माझं मन थांबतं ते त्यानं सांगितलेल्या दुसऱ्या एका दृश्यापाशी. मोठ्या मशिदीत काझी बसला होता, भोवती शहरातली प्रतिष्ठित मंडळी होती आणि वर्गणी गोळा होत होती. कालच्या त्या कैद्यांना सोडवण्यासाठी.

या किनाऱ्याचा शेकडो वर्षांचा इतिहास या दोन शब्दांत येतो : कैद आणि खंडणी. समुद्राकडून येणाऱ्या गलबताची भीती दोन्ही बाजूंना होती. 1487 मध्ये फर्दिनांद आणि इसाबेला यांनी मालागा घेतलं. मे ते ऑगस्ट वेढा चालला, शहरात खायला काही उरलं नाही. शरणागतीनंतर हजारो रहिवासी, बायका-मुलांसह, गुलाम झाले. शंभरजण तर पोपला भेट म्हणून धाडले. त्याच दिवसांत मालागाच्या कोठड्यांतून शेकडो ख्रिश्चन कैदी बाहेर आले. ते तिथं वर्षानुवर्षं साखळदंडांत होते. आणि मालागाच्या ज्यूंना सोडवलं ते कॅस्टीलच्या ज्यूंनी, पैसे गोळा करून.

पुढं भीतीची दिशा उलटली. आता उत्तर आफ्रिकेतले चाचे स्पेनची माणसं उचलून नेऊ लागले. 'दोन किहोते' लिहिणारा सर्व्हान्तेस पाच वर्षं अल्जीरियात कैदेत होता. 1580 मध्ये खंडणी भरून त्याला सोडवलं ते ट्रिनिटेरियन पंथाच्या साधूंनी. कैदी सोडवणं हेच त्या पंथाचं व्रत. किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज उभे राहिले. स्पॅनिशमध्ये आजही 'आसपास कोणी नाही, खुशाल बोला' या अर्थी म्हणतात, 'किनाऱ्यावर मूर नाहीत.' मूर म्हणजे आफ्रिकेकडून येणारे मुसलमान.

आमच्याकडे मुशायऱ्यात 'अंदलुस' हा शब्द आला की उसासे निघतात. गेलेलं राज्य, गेलेल्या मशिदी, गेलेलं वैभव. ते दुःख खोटं नाही. पण मी मराठीत लिहिणारा माणूस, मला त्या राज्यापेक्षा ती टोपली जास्त छळते. राजांची नावं आपल्याला पाठ असतात. त्या कोळ्याचं नाव इब्न बतूतालाही कळलं नसावं. पण टोपली त्याच्या लक्षात राहिली आणि पुढं फेजला आपला प्रवास लिहून घेताना त्यानं ती विसरू दिली नाही.

एकोणिसाव्या शतकात तिथं वेगळे परके आले. व्यापारी, खलाशी, हवापालटासाठी आलेले आजारी इंग्रज. कॅथलिक नसलेला माणूस मालागात मेला तर त्याला दफनभूमीत जागा नव्हती. रात्री समुद्रकाठच्या वाळूत उभा पुरायचे. ब्रिटिश वकील विल्यम मार्क यानं खटपट करून 1831 मध्ये तिथं इंग्रजी दफनभूमी सुरू केली. परीकथा लिहिणारा अँडरसन 1862 मध्ये मालागाला आला. शहर त्याला आवडलंच, पण ही दफनभूमीही त्यानं आवर्जून पाहिली. परक्या गावात शेवटची हातभर जागा मिळणं ही काय चीज आहे, हे प्रवाशाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मग फेब्रुवारी 1937. यादवी युद्धात मालागा फ्रँकोच्या हाती पडलं. हजारो माणसं आल्मेरियाच्या रस्त्यानं पायी निघाली. सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. समुद्रातून युद्धनौका आणि वरून विमानं मारा करत होती. किती मेले याचा हिशेब आजही एकमतानं लागत नाही. हजारो, एवढं नक्की. त्या रस्त्यावर एक कॅनेडियन डॉक्टर रक्तपुरवठ्याची गाडी घेऊन आला होता. समोरचा लोंढा पाहून त्यानं गाडी वळवली आणि आधी मुलांना, मग सापडतील त्यांना, आल्मेरियाला पोचवायला लागला. तीन दिवस आणि तीन रात्री.

त्याचं नाव नॉर्मन बेथ्यून. हाच डॉक्टर पुढं चीनला गेला आणि 1939 मध्ये तिथंच वारला. त्याच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कुठला मालागाचा रस्ता आणि कुठलं सोलापूर! पण माणुसकीची वाट अशीच वळणावळणाची असते.

त्यानंतर बावीसच वर्षांनी, 1959 मध्ये, तोर्रेमोलिनोस या कोळ्यांच्या गावात 'पेस एस्पादा' हे मोठं हॉटेल उघडलं. फ्रँको सरकारला परकीय चलन हवं होतं, युरोपातल्या कामगारांना स्वस्त ऊन हवं होतं. विमानं भरभरून येऊ लागली आणि पाहता पाहता गावांची शहरं झाली. समुद्राकडून येणाऱ्या परक्याची भीती संपली. तो गिऱ्हाईक झाला.

सगळ्यांसाठी मात्र नाही. 1988 च्या नोव्हेंबरात, किनाऱ्याच्या पश्चिम टोकापलीकडे तरीफाच्या वाळूत, आफ्रिकेतून लहान होडीनं निघालेल्यांची प्रेतं लागली. तेव्हापासून हे थांबलेलं नाही. एकाच समुद्रात एक माणूस पोहायला उतरतो आणि दुसरा जीव मुठीत धरून येतो. त्यांच्यासाठी वर्गणी काढणारा काझी आज कोण, हा प्रश्न आहे. तिथं असे लोक आहेतही. पण बुरूज रिकामा ठेवणारेही आहेत.

सुहेलला मी त्या संध्याकाळी फोन केला. हे सगळं सांगितलं नाही. पोराची सुट्टी कशाला बिघडवा? एवढंच म्हणालो, तिकडे किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून, त्यात विस्तव करून, वेताच्या काठीला टोचलेले तारली मासे भाजून देतात, ते खा. तो म्हणाला, 'कालच खाल्ले मामू, फार छान होते.' मग मला राहवलं नाही. म्हटलं, 'बेटा, तुझ्या किल्ल्याखाली एका कोळ्याची टोपली पडली होती. ऐकतोस?'

तो म्हणाला, 'सांगा.' मग मी सांगत बसलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)