परसबागेत लिंबू की रानगुलाब?

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावी परसबाग लावताना पहिला विचार मातीचा करावा लागतो. काळी, चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि लिंबूवर्गीय झाडांना नेमके तेच सोसत नाही. मुळे कुजतात, बुंध्यावर डिंक्या रोग दिसू लागतो. म्हणून रोप उंचवट्यावर लावावे; दुहेरी आळे करून पाणी बुंध्याला लागू देऊ नये. एवढे सांभाळल्यास घरासाठी संत्र्यापेक्षा कागदी लिंबूच सोयीचे. ते बियांपासूनही बहुधा मूळ वाणासारखे येते. जागा मात्र सुमारे ६ मीटर हवी.

रानगुलाबाचे काटेरी कुंपण होते. पण त्याच्या बहुतेक जाती वर्षातून एकदाच फुलतात आणि थंड प्रदेशातील जातींना विदर्भाचा ४५ अंशांवर जाणारा उन्हाळा मानवत नाही. तरीही तो अनेक घरी नकळत असतोच, कारण कलमी गुलाबाचा खुंट बहुधा रानगुलाबाचा असतो. डोळ्याखालून फुटलेले धुमारे वेळीच उगमापासून न काढल्यास ते कलमाला दडपतात आणि ‘गुलाब बिघडला’ असा समज होतो. जंबेरीवर बांधलेल्या संत्र्याचीही हीच गत. त्याच्या दुर्लक्षित धुमाऱ्यांना पुढे खडबडीत, आंबट फळे लागतात.