थायरॉईडची रक्ततपासणी : लोणार तालुक्यातील कार्यकर्त्यांसाठी माहिती

जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. अफवा भरपूर उठल्या. शोधाला दिशा मिळाली ती पाणी आणि रक्ताचे नमुने तपासल्यावर. लोणारच्या वस्त्यांमध्येही हाच धडा लागू आहे. सतत थकवा, वजन वाढणे, केस गळणे, पाळी अनियमित होणे, थंडी सहन न होणे अशा तक्रारी असलेल्या बाईला घरचे ‘आळशी’ म्हणतात किंवा अंगारे-धुपारे करतात. आम्ही म्हणतो, आधी रक्त तपासा.

थायरॉईड ही गळ्यातील ग्रंथी आहे. ती टी-३ आणि टी-४ ही संप्रेरके तयार करते. ती कमी पडली की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. म्हणून पहिली तपासणी टीएसएचची.

अहवाल असा वाचावा :

- टीएसएच जास्त, टी-४ कमी : ग्रंथीचे काम मंदावले आहे.
- टीएसएच जास्त, टी-४ सामान्य : सुरुवातीची अवस्था असू शकते, डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात.
- टीएसएच कमी, टी-४ किंवा टी-३ जास्त : ग्रंथी जास्त काम करते आहे. यात वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात.

प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ असते. प्रयोगशाळेनुसार आकडे थोडे बदलतात, गरोदरपणात मर्यादा वेगळी असते. निदान डॉक्टरांनीच करावे.

टीएसएचसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. त्यामुळे अहवाल चुकू शकतो. गोळी सुरू झाल्यावर ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घ्यावी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

गरोदर भगिनींनी दुर्लक्ष करू नये. उपचार न झाल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

खासगी प्रयोगशाळेत पैसे मोजण्याआधी सरकारी रुग्णालयात चौकशी करा; महालॅब योजनेत तेथील रुग्णांच्या अनेक रक्ततपासण्या मोफत होतात. १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात वजन आणि रक्तदाबावर थांबू नका. अशा तक्रारी असलेल्यांची यादी करा आणि त्यांना सोबत घेऊन रुग्णालयात जा. अहवाल हाती येईपर्यंत पाठपुरावा करणे हेच खरे काम आहे.