उसाच्या चिपाडाची किंमत

उसातून साखर काढणे म्हणजे मुख्यतः पाणी आटवणे. उसाच्या वजनात जवळपास 70 टक्के पाणीच असते, आणि ते उडवायला लागणारी उष्णता हा या धंद्याचा सर्वांत जुना खर्च. गुऱ्हाळवाल्यांनी तो घरच्या घरी भागवला: चरकातून निघालेली चिपाडे उन्हात वाळवायची, तीच चुलवाणात घालायची आणि काईल तापवायची.

अमेरिकेतल्या लुइझियानात 19व्या शतकाच्या पूर्वार्धात रस ओळीने मांडलेल्या उघड्या कढयांत आटवत. गुलाम मजूर उकळता रस मोठ्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. भाजणे नेहमीचेच, आणि लाकूड बेसुमार जळे. न्यू ऑर्लिन्सला 1806 साली जन्मलेले, पॅरिसला शिकलेले मिश्रवंशीय अभियंते नॉर्बर्ट रिल्यू यांनी यावर उपाय म्हणून बंद भांड्यांची रांग बसवली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी, म्हणून रस कमी तापमानाला उकळतो. एकदा पेटवलेल्या जाळातून दोन-तीनदा काम होते, शिवाय साखर करपत नाही. याची पेटंट त्यांना 1843 आणि 1846 साली मिळाली. मळेवाल्यांनी हे यंत्र घेतले ते पैसे वाचतात म्हणून. रानातले लाकूड वाचले ते ओघाने. मळे मात्र गुलामांच्याच श्रमावर चालत राहिले, आणि रिल्यूंच्या कर्तृत्वाचा विचार हे बाजूला ठेवून करता येत नाही.

महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51चा. पुढे राज्यभर कारखाने झाले. एक टन उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस, म्हणजे चिपाडाचा चोथा, निघतो, त्यात निम्मे पाणी. कारखान्याची गरज भागून तो उरे, आणि उरलेला सांभाळणे हीच डोकेदुखी: जागा अडते, आग लागते. त्यामुळे कमी दाबाचे, भरपूर बगॅस खाणारे बॉयलर वर्षानुवर्षे चालले. वाफ वाचवण्याचे तंत्र ठाऊक होते, पण वाचवलेल्या वाफेला गिऱ्हाईक नव्हते. त्या वाफेवर केलेली जास्तीची वीज विकता येऊ लागली तेव्हा चित्र पालटले. 2003च्या वीज कायद्यानंतर आणि राज्याच्या 2008च्या धोरणानंतर जास्त दाबाच्या बॉयलरांवर सहवीजनिर्मिती वाढली, आणि कालपर्यंत अडचण ठरलेल्या बगॅसचा हिशेब किलोने होऊ लागला.

साखर काढून उरणाऱ्या काकवीसारख्या मळीची गोष्ट इतकी सरळ नाही. तिच्यापासून अल्कोहोल करताना जुन्या पद्धतीत प्रत्येक लिटरमागे 12 ते 15 लिटर गडद, उग्र वासाचे स्पेंट वॉश निघे. ते ओढ्या-नद्यांत गेले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. नदीत सोडणे फुकट असल्याने इथे बाजाराचा उपाय चालला नाही. 1974चा जलप्रदूषण कायदा आणि पुढचे कडक नियम लागले. मग बायोगॅसच्या टाक्या आल्या. त्या गॅसने डिस्टिलरीच्या इंधनाचा काही खर्च निघाला, पण गडद रंग आणि क्षार पाण्यातच राहिले. ते पाणी प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळावर, शिंपडून कंपोस्ट करणे, किंवा आटवून बॉयलरात जाळणे, हे त्यापुढचे मार्ग. आटवण्यासाठी पुन्हा रिल्यूंच्या भांड्यांची तीच रांग लागते. जाळल्यावर उरणाऱ्या राखेत उसाने शेतातून उचललेले पोटॅश असते. मळीपासून मिळणाऱ्या या पोटॅशचा केंद्र सरकारने 2021 साली खतांच्या अनुदान योजनेत समावेश केला.