उष्णता-आघात प्रतिसाद : रेशीम अळीतील

तापमान अचानक वाढल्यास पेशी नेहमीची प्रथिननिर्मिती आवरती घेते आणि मोजकी संरक्षक प्रथिने झपाट्याने तयार करते. या क्रियेस उष्णता-आघात प्रतिसाद म्हणतात. जीवाणूंपासून माणसापर्यंत जवळपास सर्व सजीवांत तो आढळतो. प्रस्तुत नोंद तुतीवर वाढणाऱ्या रेशीम अळीपुरती, आणि मुख्यतः जालना जिल्ह्यातील संगोपनाच्या संदर्भात आहे.

शोध : इटालियन आनुवंशशास्त्रज्ञ फेरुच्चो रितोस्सा यांनी १९६२ मध्ये फळमाशीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रांवर उष्णतेमुळे फुगवटे येतात असे नोंदवले. या फुगवट्यांशी निगडित प्रथिने १९७४ मध्ये ओळखली गेली. भारतात बनारस हिंदू विद्यापीठातील सुभाष लाखोटिया यांचे फळमाशीवरील काम महत्त्वाचे आहे.

यंत्रणा : प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते. उष्णतेने घडी उसवली की आत दडलेले जलविरोधी भाग उघडे पडतात आणि प्रथिने एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. ७० किलोडाल्टन गटातील संरक्षक प्रथिने या उघड्या भागांना धरून ठेवतात आणि एटीपीची ऊर्जा खर्चून घडी पुन्हा बसण्यास मदत करतात. एरवी हीच प्रथिने, ९० किलोडाल्टन गटाच्या साथीने, एका नियंत्रक प्रथिनाला अडकवून ठेवतात. उसवलेल्या प्रथिनांकडे ती वळली की नियंत्रक मोकळा होतो, त्याचे तीन रेणू जुळून डीएनएवर बसतात आणि संरक्षक जनुके चालू होतात. पुरेशी प्रथिने तयार झाली की नियंत्रक पुन्हा अडकतो.

रेशीम अळीवरील प्रयोग : बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ओमाना जॉय व के. पी. गोपीनाथन यांनी १९९५ मध्ये तीन वाणांची तुलना प्रसिद्ध केली. सी. निची व प्युअर म्हैसूर हे वर्षात अनेक पिढ्या देणारे (मल्टिव्होल्टाइन) वाण, तर एनबी४डी२ हा वर्षात दोन पिढ्या देणारा (बायव्होल्टाइन). ३९° से. तापमान एक-दोन तास तिन्ही वाणांनी सारखेच सोसले. ४१° व त्यापुढे मल्टिव्होल्टाइन वाण अधिक संख्येने जगले. ४३° च्या वर एकही टिकला नाही. ४१° ला एक तास ठेवलेल्या अळ्यांत हृदयाचे ठोके वाढले, रक्तपेशींचे प्रमाण बदलले आणि रक्तद्रवात ९३ किलोडाल्टनचे प्रथिन दिसू लागले. सी. निचीत ते लगेच दिसले व चार तासांत कमाल पातळीला पोहोचले. उरलेल्या दोन वाणांत दोन तासांच्या विश्रांतीनंतरच आढळले. रक्तपेशींत मात्र सातत्याने ७० किलोडाल्टनचेच प्रथिन मिळाले. त्यामुळे ९३ चे प्रथिन बहुधा मेदपिंडातून रक्तद्रवात येत असावे. म्हणजे तिन्ही वाणांकडे हत्यार तेच होते. फरक ते किती लवकर बाहेर निघते यात होता. सहनशीलतेचा सगळा फरक एवढ्यानेच उलगडतो असे मात्र म्हणता येत नाही.

याच प्रयोगांत पाचव्या, म्हणजे शेवटच्या, अवस्थेतील अळी आणि कोषातील प्युपा सर्वांत काटक ठरले. अंडी, बाल्य अळ्या व पतंग नाजूक. संगोपनाचा तापमान-तक्ता याच्या उलट वाटतो : चॉकीतील (बाल्य अवस्थेतील) अळ्यांना २७–२८° आणि पाचव्या अवस्थेला २४–२५° से. विसंगती वरवरची आहे. प्रयोगातील आघात तासाभराचा, तर एप्रिल-मेमधील उष्णता दिवसचे दिवस टिकते. आणि प्रयोगात अळी जगली की मेली हे मोजले, तक्ता कोषाच्या वजनासाठी आखलेला. आयुष्यभरातील पाल्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा अळी पाचव्या अवस्थेत खाते आणि रेशीमग्रंथी तेव्हाच फायब्रॉइन या रेशीम-प्रथिनाची भरमसाट निर्मिती करते. नेमके नेहमीचे उत्पादन थोपवूनच पेशी स्वतःला वाचवते. त्यामुळे अळी वाचते, कोष हलका पडू शकतो. कोषाच्या घटीत या प्रतिसादाचा वाटा किती आणि अळीच्या मंदावलेल्या भुकेचा किती, याबाबत सावधपणेच बोलावे लागते.

जालना जिल्हा : उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. जालना बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली; त्याआधी येथील कोष कर्नाटकातील रामनगरला जात. शेतकरी मुख्यतः बायव्होल्टाइन संकर घेतात, म्हणजे धागा सरस पण उष्णता कमी सोसणारा गट. संगोपनगृहाच्या खिडक्यांना ओली गोणपाटे, छतावर पाचट व पाणी, कूलर, सकाळी लवकर तोडलेला पाला हे रूढ उपाय. अनेकजण मे महिन्यातील बॅच घेतच नाहीत. कूलरने हवा थंड होते तशी दमटही होते, आणि पाचव्या अवस्थेला आर्द्रता ६५–७० टक्केच लागते. म्हणून खेळत्या हवेविना कूलर लावल्यास रोगाला वाव मिळतो.



टसर : विदर्भात ऐन व अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढणारी ही अळी वेगळ्या कुळातील असून तिचा येथे विचार केलेला नाही.